सोलापूरहून उष्ण देशांच्या सहलीला: कपडे कसे निवडायचे, बॅग कशी भरायची

सोलापूरकराला ऊन नवं नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो, तरी नवी पेठेतली खरेदी थांबत नाही. त्यामुळे थायलंड, बाली, सिंगापूर किंवा श्रीलंकेची सहल ठरली की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "आपल्यापेक्षा तिथं ऊन कमीच आहे." तापमानाच्या आकड्यापुरतं ते खरं आहे. सिंगापूर-बँकॉकला दुपारी ३२ ते ३५ अंश असतं. पण आपलं ऊन कोरडं, तिथलं दमट. मे महिन्यात आपल्याकडे घाम येतो तसा उडून जातो आणि गच्चीवर टाकलेली जाड चादरसुद्धा दुपारपर्यंत खडखडीत वाळते. तिथली हवा आधीच पाण्याने भरलेली असते. घाम उडत नाही, अंगावरच राहतो, कपडा तो पिऊन जड होतो आणि पाठीला चिकटतो. रात्री धुतलेला जाड टी-शर्ट सकाळी हाताला ओलाच लागतो. इथल्या उन्हाळ्यात उत्तम चालणारे कपडे तिथे निम्मेच उपयोगी पडतात ते यामुळे, आणि कपड्यांची सगळी निवड या एका फरकावर बेतायची.

आधी ठिकाण आणि महिना

"उष्ण देश" म्हणून एकच यादी करू नका. दुबईला डिसेंबर ते फेब्रुवारीत जाणार असाल तर दुपार सुखाची असते, पण संध्याकाळी पारा १५ अंशांपर्यंत उतरतो आणि वाळवंटातल्या सफारीत वारा लागतो. तिथे एक पातळ स्वेटर किंवा जॅकेट लागतंच. फुकेत आणि थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर साधारण मे ते ऑक्टोबर पावसाळा असतो. त्याच देशातल्या कोह सामुईला मात्र मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो. बालीचा कोरडा काळ एप्रिल ते ऑक्टोबर. सिंगापूरला बारा महिने सारखाच दमटपणा, पाऊस कधीही. श्रीलंकेच्या नैर्ऋत्य बाजूला, म्हणजे कोलंबो-गॉलकडे, मे ते सप्टेंबर पाऊस. दिवाळीच्या सुट्टीत जाणार की उन्हाळ्याच्या, यावरून छत्री, चप्पल आणि कापड हे तिन्ही बदलतात.

उष्ण देशांत एक गोष्ट सगळीकडे सारखी: आतली थंडी. मॉल, मेट्रो, टूरची बस, विमानतळ सगळीकडे एसी इतका गार असतो की घामेजलेल्या अंगाला हुडहुडी भरते. दिवसभर आत-बाहेर करायचं असतं, म्हणून वरून घालता-काढता येईल असा एक थर रोज सोबत हवा. बायकांना सुती ओढणी किंवा मोठा स्टोल, पुरुषांना टी-शर्टवर बटणं उघडी टाकून घालायचा लिननचा शर्ट. सोलापुरी चादर कितीही लाडकी असली तरी ती घरी ठेवा. एकटी चादर बॅगेतले दीड-दोन किलो खाते.

कापड: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

"सुती घ्या" हा सल्ला अर्धाच आहे. सुती म्हणजे किती जाड आणि कसं विणलेलं, ते महत्त्वाचं. टी-शर्टच्या कापडाचं वजन जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम असं सांगतात. १४० ते १६० जीएसएमचा टी-शर्ट दमट हवेत चालतो. २०० च्या पुढचा जाड टी-शर्ट, जो आजकाल सैल ओव्हरसाइज्ड म्हणून मिळतो, दिसायला छान असतो, पण घामाने चिंब झाला की संध्याकाळपर्यंत तसाच राहतो.

दमट हवेसाठी पहिली पसंती मलमल, म्हणजे दुकानात ज्याला मलकॉटन म्हणतात ते, आणि लिनन. लिननचा धागा ओलावा चटकन ओढतो आणि चटकन सोडतो. शिवाय थोडं ताठ असल्याने ते अंगापासून सुटं राहतं आणि मधून हवा खेळते. शुद्ध लिनन चुरगळतंच, ते तसंच शोभतं. पण सुरकुत्या अजिबात खपत नसतील तर लिनन-कॉटन किंवा लिनन-व्हिस्कोस मिश्रण घ्या. सीअरसकर, म्हणजे बारीक चुण्यांचं सुती कापड, आपल्याकडे कमी दिसतं, पण मिळालं तर सोडू नका. ते इस्त्रीशिवाय चालतं आणि चुण्यांमुळे अंगाला कमी टेकतं.

रेयॉन आणि व्हिस्कोसच्या कुर्त्या मऊ, थंड आणि स्वस्त. त्यांचा दोष असा की ओला झाला की धागा कमजोर होतो, म्हणून पिळायच्या नाहीत, आणि पहिल्या धुण्यात त्या आटतात. सहलीआधी दोनदा धुऊन मगच बॅगेत टाका. पॉलिस्टरचं जॉर्जेट आणि क्रेप फोटोत झुळझुळीत दिसतं, चुरगळत नाही, लगेच वाळतं. संध्याकाळी क्रूझवर तासभर घालायला ठीक. दिवसभर मात्र नको, कारण घाम शोषला जात नाही आणि त्यात वास धरतो. व्यायामाचे टी-शर्टही पॉलिस्टरचेच असतात, पण त्यांची वीण वेगळी, घाम पसरवून वाळवणारी. डोंगर चढायला किंवा सायकलिंगला ते योग्य.

चाटी गल्लीत किंवा नवी पेठेत कापड घेताना चार गोष्टी उभ्या उभ्या करून पाहा. कापडाचं टोक मुठीत घट्ट आवळून दहा आकडे मोजा आणि सोडा. खोल, धारदार सुरकुती राहिली तर बॅगेतून ते तसंच निघणार. कापड तोंडाजवळ धरून फुंकर मारा. पलीकडे हाताला वारा लागला तर अंगालाही लागेल. उजेडासमोर धरून आरपार किती दिसतं ते बघा. पांढऱ्या आणि फिक्या रंगाच्या पँटीला ही तपासणी चुकवू नका, कारण समुद्रकाठच्या उन्हात ते दुकानातल्यापेक्षा जास्त पारदर्शक दिसतं. चौथी गोष्ट कापलेल्या कडेच्या एका धाग्याची. दुकानदाराला विचारून तो बाहेर जाळून पाहा. कागद जळल्यासारखा वास आणि भुरभुरीत राख म्हणजे सुती, लिनन किंवा रेयॉन. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर, मग बिलावर काहीही लिहिलेलं असो.

सोलापुरी टर्किश टॉवेल घरी उत्तम आहे, सहलीला नाही. तो जाड विणीचा, पाणी भरपूर पितो आणि दमट हवेत दोन दिवस वाळत नाही. हॉटेलात टॉवेल मिळतोच. समुद्रकाठासाठी साधा मागावरचा सुती पंचा न्या. वजन फारच कमी, तासाभरात वाळतो, वाळूवर अंथरता येतो, ओल्या कपड्यांवर कमरेला गुंडाळता येतो. रंगीत काठाचा पंचा गळ्याभोवती टाकला तर शोभूनही दिसतो.

शिवून घेणार असाल तर

आपल्याकडे चांगला टेलर अजून परवडतो, याचा फायदा घ्या. तयार कपड्यांत खांदा बसला तर लांबी बसत नाही, आणि स्टाइल म्हणजे मुख्यतः माप नीट बसणं. पुरुषांच्या पूर्ण बाहीच्या शर्टाला ५८ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, कापड १.६ मीटर लागतं, ३६ इंच पन्ह्याचं सव्वादोन ते अडीच मीटर. ४४ इंच पन्ह्यात गुडघ्यापर्यंतच्या कुर्तीला अडीच मीटर, पलाझोलाही साधारण तेवढंच. लिनन आणि मलमल आटतं, म्हणून दहा सेंटिमीटर जास्त घ्या. रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, न पिळता वाळवून, मग टेलरकडे द्या. न भिजवता शिवलेला शर्ट पहिल्या धुण्यानंतर मनगटावर आखूड होतो.

टेलरला तीन सूचना द्या. काखेत नेहमीपेक्षा अर्धा ते पाऊण इंच जास्त मोकळीक. बायकांच्या कपड्यांना खिसा, तोही फोन मावेल इतका खोल. आणि सिंथेटिक अस्तर नको. वरचं कापड मलमलचं आणि आत पॉलिस्टरचं अस्तर असेल तर अंगाला पॉलिस्टरच लागतं, सगळा खटाटोप वाया. अस्तर हवंच असेल तर सुती, तेही कमरेपासून खाली. दिवाळी आणि लगीनसराईत टेलरकडे महिनाभराची रांग असते हे धरून निघण्याआधी किमान पाच आठवडे कापड द्या. शिवून आलेला कपडा घरी एकदा दिवसभर घालून वावरा. कुठे काचतं ते तेव्हाच कळतं.

आई किंवा आजी सहलीला साडीच नेसणार असतील तर मलमलची किंवा हलकी मंगळगिरी द्या. सुती साडीला खळ मात्र घालू नका. आपल्या कोरड्या हवेत खळ ताठ राहते, दमट हवेत ती ओलावा धरते, साडी लुळी पडते आणि चिकट लागते. बोटीच्या दिवशी साडी नकोच. पट्टायाहून कोरल आयलंडला जाताना स्पीडबोटीतून उतरताना बऱ्याचदा पाण्यात पाय टाकावा लागतो आणि ओल्या निऱ्यांत पाय अडकतो. त्या दिवशी सैल पँट आणि कुर्ती. संध्याकाळी जेवायला जाताना हलक्या नारायणपेठीइतकं देखणं आणि सुटसुटीत काही नाही. ती लहान घडीत मावते आणि जरीची किनार विजेच्या दिव्यात खुलते.

रंग आणि जोड्या

बॅग फुगते ती कपड्यांच्या संख्येमुळे कमी आणि एकमेकांशी न जुळणाऱ्या कपड्यांमुळे जास्त. प्रत्येक ड्रेसला वेगळी लेगिंग, वेगळी ओढणी, वेगळी चप्पल असं धरलं की पाच दिवसांना वीस किलो होतात. त्याऐवजी खालचे कपडे तीन, रंग शांत: मळकट पांढरा, गडद निळा, वाळूचा रंग. वरचे चार, त्यातला एक पांढरा, एक छापील आणि दोन भर रंगाचे. कोणताही वरचा कोणत्याही खालच्यावर गेला पाहिजे, हा नियम. चार गुणिले तीन म्हणजे बारा जोड्या. सगळं पलंगावर पसरून जोड्या लावा आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवा. सकाळी सात वाजता टूरची बस खाली उभी असते तेव्हा विचार करायला वेळ नसतो.

घाम कोणत्या रंगावर दिसतो हेही पाहा. करडा मेलांज, म्हणजे मिश्र धाग्यांचा ठिपकेदार करडा, आणि आकाशी यांवर काखेतला आणि पाठीवरचा डाग लांबून दिसतो. पांढरा, गडद निळा, काळा आणि बारीक छपाईचे कपडे तो लपवतात. समुद्राच्या फोटोत निळा कपडा पाण्यात हरवतो. तिथे मोहरी, गेरू, पोवळ्याचा लाल, गडद गुलाबी हे रंग उठून दिसतात. आणि सावळ्या रंगाला फिकटच शोभतं, हा समज सोडून द्या. सावळ्या-गव्हाळ त्वचेवर मोहरी, पाचू हिरवा आणि शुभ्र पांढरा जितका खुलतो तितका क्वचितच कुणाला खुलतो. आपल्या बाजारात हे रंग भरपूर मिळतात, ते बिनधास्त घाला.

सगळ्या कुटुंबाने सहलीचं नाव छापलेले एकसारखे टी-शर्ट करायची हौस असेल तर कापड सुती आणि पातळ घ्या. घाऊक छपाईचे बरेचसे टी-शर्ट पॉलिस्टरचे असतात आणि छातीवरच्या जाड रबरी छपाईतून वाराच जात नाही.

पाच रात्री, सहा दिवसांचा हिशेब

बाईसाठी: वरचे चार, खालचे तीन (एक पलाझो, एक सरळ लिनन पँट, एक गुडघ्याखालची किंवा आवडीप्रमाणे शॉर्ट्स), एक लांब सुती ड्रेस, एक स्टोल, एक रात्रीचा जोड, पोहण्याचा एक पोशाख. पुरुषासाठी: पातळ टी-शर्ट दोन, लिननचे शर्ट दोन, एक नाडीची लिनन पँट, एक हलकी चिनो, म्हणजे साधी सुती पँट, गुडघ्यापर्यंतची एक शॉर्ट्स, रात्रीचा जोड, पोहण्याची चड्डी. अंगावर घालून निघाल तो जोड यातलाच धरा.

पुरुषांची जीन्स हा या यादीतला सगळ्यात वादाचा मुद्दा. एक जीन्स साधारण ६०० ते ७०० ग्रॅम, म्हणजे तिच्या जागी तीन लिनन शर्ट मावतात. भिजली तर दोन दिवस वाळत नाही आणि मांडीला घासते. नेऊ नका. रात्री बाहेर जायला गडद निळी चिनो आणि बाह्या दुमडलेला पांढरा लिनन शर्ट जीन्सपेक्षा कितीतरी रुबाबदार दिसतो.

आतले कपडे बहुतेक याद्यांतून सुटतात आणि त्रास सगळ्यात जास्त तिथेच होतो. जाड सुती आतले कपडे रात्रीत वाळत नाहीत, म्हणून सहा जोड तरी न्या, किंवा मोडालचे, म्हणजे रेयॉनसारख्या मऊ पातळ कापडाचे, चार. पांढऱ्या कपड्यांच्या आत पांढरं नको, त्वचेच्या रंगाचं हवं. पांढऱ्यातून पांढरं दिसतं. फ्रॉक किंवा ड्रेस घालून दिवसभर चालायचं असेल तर मांड्या घासून सोलवटतात, कारण घामाचं मीठ त्वचेवर वाळून खरखरीत होतं. आत पातळ सायकलिंग शॉर्ट्स घाला, किंवा सकाळीच व्हॅसलिनचा पातळ थर लावा. सोलवटल्यानंतर पावडर लावून उपयोग होत नाही.

दागिने कमीत कमी. सोनं समुद्रात घालू नका. गार पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी निसटते. मोत्यांना क्लोरीन आणि घाम दोन्ही सोसत नाहीत. खोटे दागिने खाऱ्या पाण्याने दोन दिवसांत काळे पडतात. रोज घालायला छोटं मंगळसूत्र, आणि लाकडी मण्यांचे किंवा दोऱ्याचे कानातले एक-दोन जोड पुरतात.

पोहणं

हॉटेलच्या तलावात सुती टी-शर्ट आणि सलवार घालून उतरू देत नाहीत, आणि त्याला कारण आहे. सुती कापडाचे तंतू सुटून पाण्याच्या फिल्टरमध्ये अडकतात, आणि भिजलेलं सुती कापड पोहणाऱ्याला खाली ओढतं. नायलॉन-लायक्राचा पोशाख लागतो. अंग झाकलेलं हवं असेल तर पूर्ण बाह्यांचा वरचा भाग आणि घोट्यापर्यंतची पँट असा पोहण्याचा पोशाख मिळतो. तो संकोचापुरता नाही, उन्हापासूनही उत्तम वाचवतो. घेताना बसून, हात वर करून पाहा. कोरडा असताना जरा घट्ट वाटला पाहिजे, कारण ओला झाला की सैल पडतो. वापरल्यावर लगेच साध्या पाण्यात खळबळा, पिळू नका, सावलीत वाळवा. क्लोरीन आणि कडक ऊन लायक्राचा ताण जाण्याची मुख्य कारणं.

मालदीवमध्ये रिसॉर्टच्या बेटावर हवं ते घाला, पण माफुशीसारख्या स्थानिक वस्तीच्या बेटावर बिकिनी फक्त ठरवून दिलेल्या किनाऱ्यावरच चालते. बाकी बेटावर खांदे आणि मांड्या झाकलेल्या हव्यात.

देवळं, मशिदी

बँकॉकच्या ग्रँड पॅलेसमध्ये आणि तिथल्या पाचूच्या बुद्धाच्या मंदिरात बिनबाह्यांचे कपडे, शॉर्ट्स, फाटकी जीन्स, पारदर्शक कापड, नुसत्या तंग लेगिंगवर आखूड टॉप, यांतलं काही चालत नाही. दारावरून परत पाठवतात. त्यामुळे त्या दिवशी बसमध्ये बसतानाच खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बालीच्या मंदिरांत कमरेला सारोंग, म्हणजे लुंगीसारखं कापड, आणि वरून पट्टा लागतो, बऱ्याच ठिकाणी दारात मिळतो. अबूधाबीच्या शेख झायेद मशिदीत बायकांना डोकं झाकावं लागतं, कपडे सैल आणि घोट्यापर्यंत, पुरुषांना शॉर्ट्स नाही. आपला पलाझो, लांब कुर्ती आणि ओढणी हा जोड या तिन्ही ठिकाणी चालतो, बालीत फक्त त्यावर सारोंग आणि पट्टा बांधायचा. इतकं तयार उत्तर फार थोड्या देशांच्या पोशाखात आहे. श्रीलंकेत कँडीच्या दंतमंदिरात पांढरे किंवा फिके कपडे घालायची रीत आहे आणि चपला बाहेर काढाव्या लागतात. अनुराधापुराच्या स्तूपांभोवती दुपारी फरशी भाजते, एक जोड पातळ मोजे पर्समध्ये ठेवा.

पाय

नवी चप्पल किंवा बूट सहलीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. निदान दोन आठवडे घरी-बाजारात वापरून मऊ करा. दमट हवेत पाय सुजतात आणि ओली त्वचा लवकर सोलते, म्हणून खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय दिवसातले सगळ्यात मोठे असतात. तीन जोड पुरे: चालायला हलके कापडी बूट, मागे पट्टा असलेली सँडल, आणि रबरी चप्पल. कोल्हापुरी घरी ठेवा. कातडं भिजलं की तळ फुगतो आणि ओल्या फरशीवर ती घसरते.

ऊन

पातळ पांढऱ्या मलमलमधून ऊन बऱ्यापैकी आत येतं, म्हणून झाकलेल्या खांद्यांनाही समुद्रकाठी सनस्क्रीन लावा. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं, एसपीएफ ५०, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. लावल्यावर पंधरा मिनिटं थांबून कपडे घाला. अनेक सनस्क्रीनमध्ये अॅव्होबेन्झोन असतं. ते पांढऱ्या कापडाला लागलं आणि लोह असलेल्या बोअरच्या पाण्यात धुतलं की तांबूस डाग पडतात. असा डाग ब्लीचने वाढतो. लिंबाचा रस लावून तासभर ठेवून धुवा. थायलंडच्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनवर २०२१ पासून बंदी आहे, कारण त्याने प्रवाळाला इजा होते. झिंक ऑक्साइडचं घ्या.

टोपीची कड किमान सात-आठ सेंटिमीटर असावी, कॅपने कान आणि मान उघडी राहते. हनुवटीखाली दोरी असली तर बोटीवर उडत नाही. गॉगलवर यूव्ही ४०० लिहिलेलं पाहा. नुसती काळी काच धोक्याची, अंधारामुळे डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि किरण जास्त आत शिरतात. संध्याकाळी बागेत किंवा समुद्रकाठी बसणार असाल तर फिक्या रंगाची पूर्ण बाही घाला. या सगळ्या देशांत डेंग्यूचे डास आहेत.

बॅग

वजनाची मर्यादा तिकिटावर वाचा, टूरवाल्याच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. स्वस्त विमान कंपन्यांत खालच्या सामानाला १५ ते २० किलो आणि हातातल्या बॅगेला ७ किलो सर्वसाधारण. होटगी रोडच्या विमानतळावरून मुंबई गाठून पुढे वेगळ्या तिकिटाने जाणार असाल तर दोन्ही तिकिटांतली जी मर्यादा कमी, ती तुमची. २८ इंची मोठी बॅग रिकामीच चार-पाच किलो भरते. १५ किलोत २४ इंची घ्या. निघताना ११ किलोच्या वर जाऊ नका, येताना खरेदीला जागा हवी.

चाकांच्या बाजूला बूट, त्यांच्यात मोजे आणि चार्जर कोंबून. मग जड कपडे. टी-शर्ट, आतले कपडे आणि रात्रीचे जोड घट्ट गुंडाळा. लिनन गुंडाळू नका, रुंद घडी घाला आणि घडीच्या मध्ये ड्रायक्लीनरची पातळ पिशवी ठेवा. कापडावर कापड घासलं नाही की सुरकुत्या खोल जात नाहीत. पॅकिंग क्यूब विकत घ्यायची गरज नाही, कपाटातली कापडी साडी कव्हरं तेच काम करतात. एकात वरचे, एकात खालचे, एक रिकामं मळलेल्या कपड्यांना. प्लॅस्टिकची कव्हरं मात्र नकोत, आत ओलावा कोंडून कुबट वास येतो. नवरा-बायकोचे कपडे दोन्ही बॅगांत निम्मे निम्मे वाटा, एक बॅग मागे राहिली तरी दोघांना एकेक जोड मिळतो.

शेंगा चटणी नेणार, हे गृहीतच आहे. ती खालच्या सामानात, घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा दोन झिपच्या पिशव्यांत, आणि कपड्यांपासून दूर बुटांच्या बाजूला. शेंगदाण्याचं तेल गरमीत सुटतं आणि लिननवरचा तेलाचा डाग निघता निघत नाही. दुबईला जाताना खसखस घातलेले अनारसे किंवा लाडू अजिबात नेऊ नका, संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे.

हातातल्या बॅगेत एक पूर्ण जोड, आतले कपडे, पोहण्याचा पोशाख, औषधं आणि स्टोल. द्रव पदार्थ १०० मिलिपर्यंतच्या बाटल्यांत, सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. पॉवर बँक हातातच, खालच्या सामानात चालत नाही. २०,००० एमएएचपर्यंत अडचण येत नाही.

निघण्याचा दिवस

रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस किंवा बस धरून मुंबई, तिथे तासन् तास थांबणं, मग विमान. सोलापुरातून घातलेले कपडे हॉटेलात उतरेपर्यंत अंगावर राहतात. म्हणून गडद रंग, कमरेला नाडी किंवा इलॅस्टिक, मोठं धातूचं बक्कल नाही, बूट सहज निघणारे, आणि मोजे हवेतच. विमानात पाय गारठतात. उतरण्याआधी अर्धा तास विमानातच तोंड धुऊन फक्त वरचा कपडा बदला. पोचल्यावर बऱ्याचदा खोली दुपारी मिळते आणि फिरणं लगेच सुरू होतं.

तिथे धुणं आणि इस्त्री

थोडी धुण्याची पावडर झिपच्या पिशवीत आणि पाच-सहा चिमटे न्या. पातळ कपडा बेसिनमध्ये धुऊन हलका दाबा, मग हॉटेलच्या कोरड्या टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट घट्ट वळकटी करा आणि वळकटीवर पाय देऊन दाबा. टॉवेल बहुतेक पाणी ओढून घेतो. एवढं केलं की मलमलचा कुर्ता एसीच्या झोताखाली हँगरवर रात्रीत वाळतो. न्हाणीघरात टांगाल तर सकाळपर्यंत तसाच ओला. रिमोटवर ड्राय मोड असेल तर तो लावा, हवेतलं पाणी खेचलं जातं. लिननच्या सुरकुत्यांना उलट उपाय: गरम पाण्याची आंघोळ चालू असताना शर्ट न्हाणीघरात टांगा, नंतर हाताने खाली ओढून सरळ करा. बहुतेक हॉटेलं मागितली की इस्त्री देतात.

परत आल्यावर

खाऱ्या पाण्याचे आणि घामाचे कपडे बॅगेत एक दिवसही ठेवू नका, काळे बुरशीचे ठिपके पडतात आणि ते निघत नाहीत. सगळे कपडे आधी साध्या पाण्यातून काढा, मग धुवा. बुटांतली वाळू झटकून, आतला तळ काढून वेगळा वाळवा. बॅग उघडी करून एक दिवस गच्चीवर उन्हात ठेवा आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच माळ्यावर टाका.